कथेतली शववाहिका खरी का वाटत नाही? (तिरडी, विमान, जनाजा आणि छोटा हत्ती)

काळी_माती
हल्ली कथेत, मालिकेत मरण दाखवायचं म्हटलं की पांढरी गाडी येते. रात्र, पाऊस, छतावर फिरता दिवा, भोंगा, मागचं दार उघडतं आणि प्रकरण संपतं. सोलापूरच्या वाचकाच्या दाताखाली इथंच खडा येतो. शववाहिकेला भोंगा नसतो. तो रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांचा. मेलेल्या माणसाला कसली घाई? शिवाय आपल्या गावात बऱ्याच घरांतलं माणूस आडवं जात नाही, बसून जातं. त्या पांढऱ्या गाडीत ते मावतच नाही.

आपल्या जुन्या गोष्टींतल्या मरणाला चाकं नाहीत. यम रेड्यावरून येतो, सत्यवानाचा अंगठ्याएवढा प्राण पाशात ओढून दक्षिणेकडं निघतो आणि सावित्री मागोमाग पायी जाते. मागं राहिलेल्या देहाचं ओझं चौघांच्या खांद्यावर येतं. तिरडी उठली, खांदा दिला, लाकडं मसणात गेली. बोलण्यात सगळीकडं उचलणं आणि वाहणंच. गाडी ते ओझं काढून घेते. कथेत गाडी आणायची तर तिनं काय काढून घेतलं हे लिहिणाऱ्याला ठाऊक पाहिजे. म्हणून जाणकारांनी हात सैल सोडून लिहावं: मापं, क्रम, कुठं काय बिघडतं. आठवणी नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

वेळू
तिरडीपासून धरतो. दोन हिरवे वेळू, साडेआठ ते नऊ फूट. सहा फुटी माणूस ठेवल्यावर दोन्ही टोकांना सव्वा-दीड फूट दांडा सुटायला हवा. तो सुटला नाही तर मागच्यांचं तोंड देहाला लागतं आणि पुढच्यांना पाऊल टाकता येत नाही. वेळू हिरवाच का? तो वाकतो. वाळका बांबू वाकत नाही, कडकन फुटतो, तोही नेमका पायरी उतरताना, कारण तिथं वजन झटक्यानं एका टोकाला जातं.

रुंदी दीड फूट, फार तर पावणेदोन. बाळीवेशीकडच्या किंवा कसब्यातल्या जुन्या बोळात दोन फुटी तिरडी वळतच नाही. आडव्या कामट्या साधारण सात, त्यातल्या दोन कंबरेखाली जवळजवळ बांधाव्यात, कारण माणसाचं निम्मं वजन तिथं बसतं. बांधायला काथ्या. हिरव्या बांबूची साल गुळगुळीत असते, नायलॉनची दोरी त्यावर घसरते. काथ्या खरखरीत, धरून राहतो. आणि वेढा पेराला लागून घ्यावा, म्हणजे कामटी सरकली तरी पेरावर अडते. वर कडबा किंवा गवत, मग पांढरं मांजरपाट, पाच मीटर पुरतं.

खांद्याचं गणित लेखकांना कधीच माहीत नसतं. सत्तर किलोचा देह, ओल्या बांबूचे दहा-बारा किलो, म्हणजे सपाट रस्त्यावर माणशी वीस. जिन्यात मात्र जवळजवळ सगळं खालच्या दोघांवर येतं. म्हणून जिना उतरवताना ताकदीचे दोघं खाली लावतात आणि जवळचे नातेवाईक वर. पुढची जोडी बुटकी आणि मागची उंच असली की देह पुढं सरकतो, कितीही बांधा. जोड्या लावताना आधी उंची बघायची, नातं मागून.

विभूती
काळी_माती, बसून जाण्याचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. लिंगायत घरांत देह बसवून न्यायला सजवलेलं विमान असतं. त्यातली खरी अडचण बांबूची नाही, वेळेची आहे.

मृत्यूनंतर दोन-चार तासांत शरीर ताठायला लागतं. आधी पापण्या आणि जबडा, मग मान, हात, शेवटी पाय. बारा तासांच्या आसपास सगळं ताठतं. सोलापूरचा एप्रिल-मे असला, बाहेर ४२-४३ अंश, तर हे सगळं लवकर होतं आणि लवकर सुटतंही. म्हणजे आंघोळ घालून मांडी घालायला हातात दोन तास धरायचे. पाठीमागं फळी, भिंतीला टेकण, कपाळावरून कापडाची पट्टी घेऊन ती फळीला बांधायची. हनुवटीखालून दुसरी पट्टी. कपाळाची पट्टी सैल राहिली तर मिरवणुकीत प्रत्येक गचक्याला मान डुलते, आणि बघणाऱ्यांना ते सहन होत नाही. हात मांडीवर, डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती.

दवाखान्यात गेलेल्या माणसाचं अवघड असतं. शवागारात देह आडवा, थंडीत. थंडीत ताठरपणा उशिरा येतो पण जास्त वेळ टिकतो. तो आडवाच ताठला की घरी आणल्यावर पाय दुमडत नाहीत. अशा वेळी खुबा, गुडघा, घोटा हे सांधे एकेक करून, सावकाश, गरम पाण्याचा कपडा ठेवत वाकवावे लागतात. एकदा पुरता सुटलेला सांधा पुन्हा ताठत नाही. झटका द्यायचा नाही, म्हाताऱ्या माणसाचं हाड मोडतं. म्हणून ज्यांना बसवायचं आहे त्यांनी दवाखान्यात पहिल्यांदा हेच सांगावं, कागद लवकर हातात द्या.

विमान म्हणजे खाली बैठकीची फळी, चार बांबूचे खांब, वर कमान आणि कळस. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, रंगीत कापड. फळीपासून कळसापर्यंत साडेचार-पाच फूट होतं. ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवलं की रस्त्यापासून नऊ फुटांवर जातं आणि गल्लीतल्या केबलच्या लोंबत्या वायरी कळसात अडकतात. पुढं एक माणूस कोरडा बांबू, टोकाला आडवी काठी बांधून, वायरी उचलत चालतो. बांबू कोरडाच हवा. आणि हे केबलपुरतंच. विजेची तार खाली आलेली दिसली तर रस्ता बदलायचा, नाहीतर आधी महावितरणला कळवून ठेवायचं. पावसाळ्यात तर नक्कीच.

पुढं समाधीचा खड्डा, आत एका बाजूला कोनाडा, त्यात बसवून मीठ, विभूती, बेलाची पानं. ते जंगम (लिंगायतांचे पुरोहित) सांगतील तसं.

पाटा_स्प्रिंग
गाडीचं माझ्याकडं द्या. शहरात फिरणाऱ्या शववाहिका बहुतेक छोट्या हत्तीच्या (टाटा एस टेम्पो) नाहीतर त्याच्या मोठ्या भावांच्या चेसिसवर बांधलेल्या असतात. आता गंमत बघा. छोटा हत्ती पाऊण टन वाहायला बनवलेला, त्यात बसतं साठ-सत्तर किलोचं माणूस आणि फार तर चार नातेवाईक. मागचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतच नाहीत. गाडी रिकामी असल्यासारखी उडते, ट्रे रुळांवर खडखडतो, मागच्या दाराचा खटका वाजतो. कथेत 'गाडी निःशब्द सरकली' असं वाचलं की हसू येतं. जाणकार बॉडीवाला मागचा एक पाटा कमी करतो किंवा फरशीखाली वजन टाकतो. ट्रेखाली रबराच्या पट्ट्या आणि दोन्ही बाजूंना पट्टे हे किमान.

ट्रे साडेसहा फुटांचा, स्टीलचा, कडा दोन बोटं वर वळवलेल्या. फरशीला मागच्या दाराकडं थोडा उतार आणि शेवटी पाणी जायला भोक, त्याला बूच. डोकं ड्रायव्हरकडं, जरा उंच. कारण उघड आहे: तोंडानाकातून काही आलं तर ते खाली मागं जावं, चेहऱ्याशी साचू नये. पाय पुढं करून ठेवला आणि गाडी चढावर लागली की सगळं उलट होतं.

आता यात्रेच्या चालीनं गाडी चालवणं. पुढं टाळकरी, मागं माणसं, वेग ताशी चार किलोमीटर. पहिल्या गिअरमध्येही गाडी यापेक्षा जोरात जाते, म्हणून ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून ठेवतो. तासभर असं चाललं की क्लचप्लेट जळते, तो वास कुणालाही ओळखू येतो. दुसरं, वेग नाही म्हणजे रेडिएटरला वारा नाही. त्यात उत्साही मंडळी पुढच्या जाळीवर झेंडूचे हार आडवे-उभे भरतात. मे महिना, दुपारी एक. काटा वर जातो आणि गाडी चौकात उकळते. हार लावायचे तर छताच्या कडेला आणि आरशाखाली लावा, जाळी मोकळी सोडा. चालवताना सोडा-थांबा करायचं: पन्नास पावलं पुढं जाऊ द्यायची, मग क्लच पूर्ण सोडून गाठायचं.

काळी_माती
हे 'रिकामी असल्यासारखी उडते' म्हणजे आख्खी कथा आहे की ओ. मडक्यातल्या विस्तवाचं काय करतात? आणि विसावा?

पाटा_स्प्रिंग
बंद गाडीत विस्तव नेऊ नये. कापूर, तूप, गवत, कापड सगळं आत, आणि खाली इंधनाची टाकी. मडक्यात गोवरी भरून ते विझलेलंच न्यावं, स्मशानाच्या फाटकात पेटवावं. घरून पेटवून न्यायचाच आग्रह असेल तर शिंकाळ्यात धरणारा माणूस गाडीपुढं चालतो.

वेळू
विसावा चालत्या यात्रेत निम्म्या वाटेवर असतो. तिरडी खाली टेकवायची, पुढचे मागं आणि मागचे पुढं, दिशा बदलून पुन्हा उचलायची. गाडीनं तो स्मशानाच्या दारात आणून ठेवला. स्मशानभूमी रूपाभवानीजवळची असो, मोदीतली असो, गाडी फाटकापर्यंत येते, तिथं तिरडी उतरते आणि ओट्यावर विसावा होतो. म्हणजे खांदा द्यायला उरतात पन्नास-साठ पावलं. गर्दीतला प्रत्येक जण तेवढ्यात हात लावायला धावतो आणि ढकलाढकलीत तिरडी तिरकी होते. चौघंच आत घ्यायचे, बाकीच्यांनी दांड्याला नुसता हात लावायचा, हे आधी कुणीतरी मोठ्यानं सांगावं लागतं.

आणि बांबू चितेवर जाळत नाहीत, बाजूला काढतात. कथेत तिरडीसकट अग्नी देणारे बरेच भेटतात.

पूर्वभाग
आमच्याकडं तेलुगू घरांत तिरडीला पाडे म्हणतात. पुढं डप्पू वाजतो, मागं लाह्या आणि सुट्टे पैसे उधळतात. अक्कलकोट रोडला पद्मशाली समाजाची स्मशानभूमी, तिथपर्यंत रस्ता मोठा आणि वाहता. उधळलेले पैसे वेचायला पोरं गाडीच्या चाकाखाली शिरतात. म्हणून गाडीसोबत नेताना उधळण फक्त गल्लीत आणि फाटकाशी, मधल्या रस्त्यावर बंद. ड्रायव्हरनं थांबलं की हँडब्रेक ओढायचाच, नुसत्या पायावर गाडी धरायची नाही.

नई_जिंदगी
जनाज्याबद्दल थोडक्यात. खाट मशिदीत असते, लाकडी किंवा लोखंडी, चार दांड्यांची. न्यायची आणि परत आणून ठेवायची. देह कफनासह कबरीत जातो, खाट पुढच्या माणसासाठी परत येते. डोक्याची बाजू पुढं. खांदा देण्याचा क्रम ठरलेला: पुढचा उजवा पाया, मागचा उजवा, मग पुढचा डावा, मागचा डावा, प्रत्येकी दहा पावलं. त्यामुळं खाट न थांबता चालते आणि खांदे बदलत राहतात, विसावा लागत नाही. इथं माणूस दमत नाही, कारण एकाच्या खांद्यावर ओझं मिनिटभरही राहत नाही. लेखकांनी 'चौघांनी शेवटपर्यंत वाहिलं' असं जनाज्याबद्दल लिहू नये.

सिद्धेश्वर_एक्सप्रेस
धागाकर्त्याशी अर्धा सहमत. आपल्याकडं मरणाला चाकं नाहीत म्हणता, मग कर्णाचं काय? रथाचं चाक जमिनीनं गिळलं, तो उतरून ते उपसायला लागला, तिथंच त्याचं मरण आलं. महाभारतातलं मरणाचं सगळ्यात ठसठशीत चित्र चाकाचंच आहे. फक्त ते चाक थांबलेलं आहे. दशरथाचं बघा. भरत येईपर्यंत देह तेलाच्या द्रोणीत ठेवला. शीतपेटीचं काम तेव्हा तेलानं केलं, कारणही तेच: मुलगा लांब होता.

वाहन येतं ते पुण्यवानाला. तुकोबांना न्यायला विमान आलं अशी श्रद्धा आहे, धर्मराजाला न्यायला इंद्राचा रथ आला. सामान्य जीव गरुडपुराणातल्या वाटेनं पायी जातो, वैतरणी गाईचं शेपूट धरून ओलांडतो. आता टेम्पोच्या कपाळावर 'स्वर्गरथ', 'वैकुंठरथ' रंगवलं की वॉर्डातल्या प्रत्येकाला संतपद मिळालं. या थट्टेत कथेला भरपूर जागा आहे, पण कुणी तिकडं फिरकत नाही.

मरणाची गाडी खरी युरोपातली. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात आंकू नावाचा गाडीवान, त्याच्या गाडीचा आस करकरतो, आणि गावात वर्षात शेवटी मेलेला माणूस पुढच्या वर्षी त्या गाडीवर बसतो असं मानत. आयर्लंडमध्ये बिनडोक्याच्या सारथ्याची काळी बग्गी, ती एकदा खाली उतरली की रिकामी परतत नाही. आपल्या मालिकांनी उचललं ते हे, वर पांढरा रंग दिला इतकंच.

आणि खऱ्या इतिहासात गाडी असली तरी लोक ती ओढायला धावतात. २ फेब्रुवारी १९०१ ला विंडसरला राणी व्हिक्टोरियाची शवपेटी तोफगाड्यावर होती. थंडीत ताटकळलेले घोडे बिथरले, जोतं तुटलं, शेवटी नौसैनिकांनी दोर बांधून गाडा ओढला. पुढं तीच तिथली प्रथा झाली. ३१ जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींचा देह लष्करी गाडीवर ठेवला होता, तिचं इंजिन बंद ठेवून जवानांनी दोरखंडांनी ती ओढली. चालू इंजिनाची गाडी हाताशी असताना ती हातानं ओढावीशी वाटणं, हा तपशील मला सगळ्या भोंग्यांपेक्षा मोठा वाटतो.

काळी_माती
कर्ण मान्य. माझं वाक्य मागं घेतो असं नाही, पण त्याला खीळ बसली.

ज्वारीचं_कणीस
पुण्याहून, मुंबईहून माणूस आणतात त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. सोलापूरच्या निम्म्या कथा तिथंच सुरू व्हायला पाहिजेत. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, न थांबता पाच तास. बर्फाच्या लाद्या की शीतपेटी?

पाटा_स्प्रिंग
पाच तासांना उन्हाळ्यात शीतपेटीच. बर्फ वितळतो, पाणी फरशीवर येतं, कापड भिजतं आणि ओल्या कातडीची साल लवकर सुटते. बर्फच असेल तर लाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून छाती-पोटाच्या दोन्ही बाजूंना लावा, देहावर थेट नको. भुसा टाकला तर बर्फ जास्त टिकतो पण भोक तुंबतं.

शीतपेटी घरी मागवली तर दोन गोष्टी. गाडीतून उतरवल्यावर लगेच चालू करायची नाही, काही वेळ सरळ, सपाट ठेवून द्यायची. आडवी-तिरकी आणताना कॉम्प्रेसरचं तेल नळीत चढलेलं असतं, लगेच चालू केली तर कॉम्प्रेसर बसतो. मग रिकामीच अर्धा तास थंड करायची आणि नंतर देह ठेवायचा. दर्शनाला येणारा प्रत्येक जण झाकण उचलतो, तेवढं थांबवलं तर ती चार अंशांच्या आसपास राहते. काच आहे ती बघायलाच. लांब एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, वायर तापते. भिंतीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला थेट लावा.

गाडी धुण्याचं राहिलं. बाजारात पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (जंतुनाशक) मिळतं. एक भाग ते, चार भाग पाणी, म्हणजे एक टक्का. आधी साबणानं रक्त-घाण काढायची, मग हे दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. ते शेवटचं पाणी आळसानं टाळलं तर सहा महिन्यांत ट्रेच्या जोडांना गंज धरतो. घाणीवरच ओतलं तर औषधाचा जोर घाणच खाऊन टाकते.

मुळेगावकर
एवढं सगळं कथेत घातलं तर कथा राहील का हो? वाचकाला बांबूचं माप कशाला?

वेळू
घालायचं नाही. पण माहीत असलं की लेखक चार जणांना जिन्यात घालवतो आणि खालच्या दोघांत कोण आहे ते ठरवतो. थोरला भाऊ खाली आणि ज्याच्याशी वीस वर्षं अबोला तो चुलत भाऊ शेजारी. पुढं काही लिहायलाच लागत नाही.

काळी_माती
शेवटचं एक. विजापूर, कलबुर्गीकडं न्यायचं असेल तर हद्दीवर काय कागद लागतात? कथेत गाडी अडवायची आहे.

नोंदवही
अडवायची तर योग्य कारणानं अडवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६६व्या कलमात केवळ प्रेत आणि सोबतचे लोक नेणाऱ्या गाडीला परवान्यातून सूट आहे, त्यामुळं 'परवाना दाखव' म्हणून कुणी अडवलं तर ते चूक. विमा, फिटनेस, पीयूसी मात्र लागतंच. देहासोबत डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र हवं. दवाखान्यातला मृत्यू असेल तर नमुना ४, घरी झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ४ अ. अपघात, विषबाधा, भाजणं, गळफास असेल तर शवविच्छेदन झाल्याचा कागद आणि पोलिसांचं पत्र. हे पत्र नसताना निघालेली गाडी अडते आणि अडायलाच हवी. तुमची कथा तिथं उभी राहील.

दुसरी नेहमीची चूक: मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथं होते, जिथं अंत्यविधी झाला तिथं नाही. सोलापूरच्या सिव्हिल दवाखान्यात गेलेल्या, कर्नाटकातल्या इंडीच्या माणसाची नोंद सोलापूर महापालिकेत. मुदत २१ दिवस, तेवढ्यात बिनशुल्क. नाव दवाखान्यात भरती करताना आधार कार्डाप्रमाणे लिहिलेलं आहे ना ते देह ताब्यात घेण्याआधी वाचून घ्या. घाईत 'अण्णा', 'आप्पा' अशी घरगुती नावं लिहिली जातात आणि मग वारसाच्या कामात वर्ष जातं.

हृदयात पेसमेकर असेल तर दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यायचा, उष्णतेनं त्याची बॅटरी फुटते. विद्युतदाहिनीत तर हमखास विचारतात. दफन असेल तर गरज नाही.

विभूती
आणि बसवणार असाल तर तो काढून टाके घालण्याचं काम मांडी घालण्याआधी करून घ्या. नंतर कपडे, विभूती, पट्ट्या सगळं पुन्हा सोडावं लागतं.